अर्धशिशी आणि दुर्मीळ संप्रेरक-विकार : नव्या औषधांच्या चाचण्या काय सांगतात

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ ते सप्टेंबर २०२१ या काळात अर्धशिशीवरील आठ नवी औषधे मंजूर केली. त्यापाठोपाठ संप्रेरकांच्या दुर्मीळ विकारांवरील औषधे आली. परावटू ग्रंथीच्या अपुऱ्या कार्यावरील पॅलोपेगटेरिपॅराटाइडला ऑगस्ट २०२४ मध्ये, जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीवरील क्रिनेसरफॉन्टला डिसेंबर २०२४ मध्ये आणि ॲक्रोमेगालीवरील पॅल्टुसोटिन या गोळीला सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली. यांतील बहुतेक औषधांच्या वाट्याला बातम्यांमध्ये ‘क्रांतिकारी’ हे विशेषण आले. चाचण्यांचे मूळ आकडे वाचले, तर चित्र बरेच संयत दिसते. रुग्णाला निर्णय घेताना मात्र तेच अधिक उपयोगी पडते.

वरवर पाहता या दोन व्याधींचा एकमेकींशी संबंध नाही. अर्धशिशीचे रुग्ण जगभरात शंभर कोटींहून अधिक आहेत. कर्नाटकात बंगळुरू परिसरातील शहरी व ग्रामीण प्रौढांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के आढळले होते. उलट, संप्रेरकांचे काही विकार हजारो जन्मांमागे एखाद्या बाळाला होतात. तरीही अर्धशिशीच्या आजच्या औषधांचे मूळ अंतःस्रावी ग्रंथींच्या संशोधनातच सापडते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधक अवटू ग्रंथीत तयार होणाऱ्या कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या जनुकाचा अभ्यास करीत होते. त्याच जनुकापासून चेतापेशींमध्ये एक निराळे पेप्टाइड तयार होते, असे त्यांना आढळले. ‘कॅल्सिटोनिन जनुकाशी संबंधित पेप्टाइड’, म्हणजेच सीजीआरपी, हे त्याचे नाव.

पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की अर्धशिशीच्या झटक्यात मानेतील शिरेच्या रक्तात या पेप्टाइडचे प्रमाण वाढते. पुढे कोपनहेगनमधील संशोधकांनी अर्धशिशीच्या रुग्णांना ते शिरेवाटे दिले, तेव्हा अनेकांचे डोके काही तासांनी दुखू लागले. २००२ मधील हा प्रयोग कारण आणि परिणाम यांचा दुवा जोडणारा ठरला. या कामासाठी गोड्सबी, एडविन्सन, येस ओलेसन आणि मायकेल मॉस्कोविट्झ यांना २०२१ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले.

परिणामकारक असूनही मागे घेतलेले औषध

पेप्टाइडचे कार्य रोखणारे पहिले औषध शिरेवाटे द्यावे लागत असे. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष चांगले आले. पण डोके दुखू लागले की सलाईन लावायला कोण जाणार? त्यानंतर टेल्काजेपंट ही गोळी आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत तिने झटका शमवला. पुढे झटके टाळण्यासाठी ती रोज दोन वेळा देऊन पाहण्यात आली, तेव्हा काही रुग्णांच्या रक्तातील यकृताची विकरे वाढलेली आढळली. ती चाचणी थांबवण्यात आली आणि २०११ मध्ये कंपनीने हे औषधच सोडून दिले.

चाचण्यांचे प्रयोजन समजण्यासाठी यशस्वी औषधांपेक्षा टेल्काजेपंटची कथा अधिक बोलकी आहे. गोळी गुणकारी होती, अधूनमधून घेणाऱ्यांना ती सोसतही होती. धोका दिसला तो रोज घेणाऱ्यांमध्ये, आणि तोही आणखी एक चाचणी केली म्हणून. यकृताला न दुखावणारे रेणू शोधण्यात पुढची काही वर्षे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये युब्रोजेपंट, फेब्रुवारी २०२० मध्ये रिमेजेपंट आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अटोजेपंट मंजूर झाले. दरम्यान, गोळीऐवजी प्रतिपिंडांचे इंजेक्शन देण्याची दुसरी वाट खुली झाली होती. महिन्यातून एकदा त्वचेखाली घ्यायचे एरेन्युमॅब हे त्यातील पहिले.

वेदना मोजायची कशी

अर्धशिशीची निश्चिती करणारी रक्तचाचणी नाही. त्यामुळे चाचणीची सारी भिस्त रुग्णाने लिहिलेल्या रोजनिशीवर असते. चालू झटका शमवणाऱ्या औषधासाठी मुख्य प्रश्न एकच : गोळी घेतल्यानंतर दोन तासांनी वेदना पूर्णपणे थांबली का? ‘कमी झाली’ या उत्तराला येथे गुण मिळत नाहीत. त्याच्या जोडीला मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणे यांपैकी रुग्णाला सर्वाधिक छळणारे लक्षण गेले का, हेही पाहिले जाते. झटके टाळणाऱ्या औषधासाठी महिन्यातील अर्धशिशीचे दिवस मोजतात.

चाचणीत कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते आणि ते रुग्ण किंवा डॉक्टर कोणालाही कळू दिले जात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिमेजेपंटच्या चाचणीत दोन तासांनी पूर्णपणे वेदनामुक्त झालेल्यांचे प्रमाण औषध गटात १९.६ टक्के, तर प्लासिबो गटात १२ टक्के होते. शंभर रुग्णांनी गोळी घेतली, तर औषधाच्या खऱ्या गुणामुळे दोन तासांत वेदनामुक्त होणारे साधारण सात ते आठ, असा याचा अर्थ. सर्वाधिक छळणाऱ्या लक्षणाच्या बाबतीत अंतर थोडे अधिक होते : ३७.६ विरुद्ध २५.२ टक्के.

एरेन्युमॅबच्या २०१७ मधील मोठ्या चाचणीत ९५५ रुग्ण होते आणि त्यांना महिन्याला सरासरी ८.३ दिवस अर्धशिशीचा त्रास होत असे. ७० मिलिग्रॅमच्या मात्रेने हे दिवस ३.२ ने, १४० मिलिग्रॅमच्या मात्रेने ३.७ ने आणि निव्वळ प्लासिबोने १.८ ने घटले. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा महिन्याला दीड ते दोन दिवसांच्या आसपास. सरासरीच्या आड मात्र मोठा फरक दडलेला असतो. १४० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणांचे त्रासाचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. प्लासिबो गटात असे रुग्ण २६.६ टक्के होते. काहींना भरपूर गुण येतो आणि काहींना जवळजवळ नाही. कोणाला येईल, हे आधी सांगता येत नाही.

प्लासिबोने एवढा गुण कसा येतो, हा प्रश्न रुग्णांनाच नव्हे, तर संशोधकांनाही सतावतो. झटका कधीतरी आपोआप ओसरतोच. शिवाय रुग्ण चाचणीत दाखल होतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचलेला असताना, आणि नंतरचे महिने तुलनेने बरे जातातच. अपेक्षेचाही भाग असतो. २०१४ मधील एका प्रयोगात रिझाट्रिप्टॅन या गोळीच्या वेष्टनावर मुद्दाम ‘प्लासिबो’ आणि प्लासिबोच्या वेष्टनावर औषधाचे नाव छापण्यात आले, तेव्हा दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच आढळला. यावरून वेदना खोटी ठरत नाही. प्लासिबो गट नसलेल्या कोणत्याही अभ्यासाने अर्धशिशीवर गुण आल्याचा दावा केला, तर तो सावधपणे घ्यायला हवा, एवढे नक्की ठरते. जाहिरातींतील ‘९० टक्के रुग्णांना आराम’ या दाव्यांनाही हेच लागू.

मुलांच्या बाबतीत या प्रश्नाला वेगळे वजन येते. अमेरिकेत ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि प्लासिबो यांची तुलना करण्यात आली. पहिली दोन्ही औषधे डॉक्टर वर्षानुवर्षे मुलांना देत आले होते. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने घटलेल्या मुलांचे प्रमाण अमिट्रिप्टिलीनने ५२ टक्के, टोपिरामेटने ५५ टक्के आणि प्लासिबोने ६१ टक्के आले. पुढे चालवून काही निष्पन्न होणार नाही म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. औषधे घेणाऱ्या मुलांना थकवा, तोंडाला कोरड, हातापायांना मुंग्या असे त्रास झाले, ते निराळेच. प्रौढांमधील निष्कर्ष मुलांना लावता येत नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

प्लासिबोशी तुलना नियामकांना पुरते. रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो : आज जे औषध चालू आहे त्यापेक्षा हे बरे आहे का? अशा थेट तुलना कमी होतात. जर्मनीत ७७७ रुग्णांवर झालेली एरेन्युमॅब आणि टोपिरामेट यांची तुलना त्यांपैकी एक. दुष्परिणामांमुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण एरेन्युमॅब गटात १०.६ टक्के, तर टोपिरामेट गटात ३८.९ टक्के होते. नव्या औषधाचा मोठा लाभ गुणापेक्षा सोसण्यात असू शकतो, हे या आकड्यांतून दिसले. अर्थात, सोसवणारे औषध निर्धोक असतेच असे नाही. मंजुरीनंतरच्या व्यापक वापरात काही रुग्णांना गंभीर बद्धकोष्ठता झाल्याच्या आणि रक्तदाब वाढल्याच्या नोंदी आल्यानंतर एरेन्युमॅबच्या माहितीपत्रकात इशारे घालावे लागले.

पुढचे लक्ष्य पीएसीएपी हे दुसरे पेप्टाइड आहे. त्याच्या नावातच पीयूषिका ग्रंथीचा उल्लेख आहे, कारण त्याचा पहिला परिचय त्या ग्रंथीतील पेशींवरच्या परिणामातून झाला. ते रोखणाऱ्या प्रतिपिंडाच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. चार आठवड्यांत अर्धशिशीचे दिवस औषधाने ६.२ ने आणि प्लासिबोने ४.२ ने घटले. येथेही फरक दोन दिवसांचा.

रुग्ण थोडे, तेव्हा

संप्रेरक-विकारांच्या चाचण्यांत अडचण उलटी असते. मोजायला रक्तातील नेमका आकडा असतो, मोजण्याजोगी माणसे मात्र नसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली. तीत जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी ५,७६२ बालकांमागे एकात आढळली. या विकारात मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत एका विकराची उणीव असते आणि त्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी ते तयार व्हावे म्हणून सतत इशारे देत राहते. त्या ताणाखाली अधिवृक्क ग्रंथी पुरुषी संप्रेरकेच अधिकाधिक बनवू लागते. तीव्र प्रकारात शरीरातील मीठ वाहून जाते आणि निदान न झालेले बाळ पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकते.

१९५० च्या सुमारास कॉर्टिसोनचा उपचार सुरू झाला आणि ही मुले जगू लागली. पण कॉर्टिसॉलची उणीव भरून काढायला जेवढे स्टेरॉइड लागते, त्याहून बरेच अधिक ती पुरुषी संप्रेरके दाबण्यासाठी द्यावे लागते. खुंटलेली उंची, वाढलेले वजन, ठिसूळ हाडे, मधुमेह ही त्याची किंमत. अनेक दशके डॉक्टर या कात्रीत अडकलेले होते. क्रिनेसरफॉन्ट पीयूषिका ग्रंथीकडे जाणारा इशाराच अडवते, त्यामुळे स्टेरॉइडची मात्रा उतरवता येते.

या चाचणीची रचना पाहण्यासारखी आहे. अर्धशिशीच्या चाचणीत प्लासिबो घेणाऱ्याला दोन तासांनी नेहमीची गोळी घेता येते. तेवढा वेळ कळ सोसावी लागते, इतकेच. येथे स्टेरॉइड काढून प्लासिबो दिला, तर रुग्णाचा जीव जाईल. म्हणून सर्वांचे स्टेरॉइड चालू ठेवून त्यावर एका गटाला औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो देण्यात आला. प्रौढांच्या चाचणीत १८२ रुग्ण होते आणि प्रत्येक तिघांपैकी दोघांना खरे औषध मिळाले. २४ आठवड्यांनंतर स्टेरॉइडची मात्रा औषध गटात २७.३ टक्के, तर प्लासिबो गटात १०.३ टक्के घटली. शरीराला स्वाभाविकपणे लागते तेवढ्याच मात्रेवर येऊ शकलेले रुग्ण ६३ टक्के होते. प्लासिबो गटात १८ टक्के. १०३ मुलांच्या स्वतंत्र चाचणीत २८ आठवड्यांनंतर मात्रा औषध गटात १८ टक्क्यांनी घटली, तर प्लासिबो गटात ५.६ टक्क्यांनी वाढली.

मात्रा घटली म्हणून हाडे बळकट झाली किंवा उंची वाढली, असे मात्र ही चाचणी सिद्ध करीत नाही. तसे होईल, ही वैद्यकीय तर्काला धरून केलेली अपेक्षा आहे. तिची परीक्षा व्हायला वर्षे लागतील. आणखी एक बाब पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी : हे औषध स्टेरॉइडची जागा घेत नाही. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी स्टेरॉइडची मात्रा वाढवण्याचा नियम कायम राहतो. तो मोडल्यास जिवावर बेतू शकते.

रुग्ण याहूनही कमी असतील, तर चाचणीची वीणच बदलते. पीयूषिका ग्रंथीतील गाठीमुळे कॉर्टिसॉल अति प्रमाणात वाढणाऱ्या कुशिंग विकारावरील ऑसिलोड्रोस्टॅटच्या चाचणीत आरंभी सर्व १३७ जणांना औषध देण्यात आले. ज्यांना गुण आला त्यांपैकी ७१ जणांची नंतर विभागणी झाली. एका गटाचे औषध चालू राहिले, तर दुसऱ्याच्या हाती नकळत प्लासिबो आला. आठ आठवड्यांनी कॉर्टिसॉल आटोक्यात राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ८६ टक्के आणि दुसऱ्यात २९ टक्के होते. थोड्या माणसांत उत्तर मिळते आणि प्रत्येकाला निदान काही काळ औषधही मिळते. तोटा असा, की ज्यांना औषध मानवले नाही ते विभागणीपूर्वीच बाजूला पडतात आणि अंतिम टक्केवारी प्रत्यक्षापेक्षा उजळ दिसते.

भुकेवर ताबा ठेवणारी संप्रेरक-साखळी जन्मतः तुटलेल्या मुलांसाठीच्या सेटमेलॅनोटाइडच्या मुख्य चाचणीत एका जनुकदोषाचे १० आणि दुसऱ्याचे ११ रुग्ण होते. वर्षभरात वजन किमान १० टक्क्यांनी घटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ४५ टक्के आले. एवढ्या पुराव्यावर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. अर्धशिशीच्या औषधाला कोणी २१ रुग्णांवर मंजुरी मागितली असती, तर अर्ज दारातूनच परत गेला असता. दुर्मीळ विकारासाठी हा सैलपणा समर्थनीय ठरतो, कारण उपचाराविना या विकाराचा क्रम ठाऊक असतो : अशा मुलाचे वजन आपोआप कधीच उतरत नाही. म्हणजेच, प्लासिबोचा जो गोंधळ अर्धशिशीत पाठ सोडत नाही, तो येथे फारसा नसतो. म्हणून लहान चाचण्यांतही अंतर ठळक दिसते. पॅल्टुसोटिनच्या ५८ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शन सोडून गोळीवर आलेल्यांपैकी ८३ टक्क्यांचा विकार आटोक्यात राहिला. प्लासिबोवर फक्त ४ टक्क्यांचा. पॅलोपेगटेरिपॅराटाइडच्या चाचणीत उद्दिष्ट गाठणारे ७९ विरुद्ध ५ टक्के होते.

याच परावटू विकाराचा मागचा अनुभव मात्र कडू आहे. २०१५ मध्ये मंजूर झालेले नॅटपारा हे इंजेक्शन सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत बाजारातून परत बोलावण्यात आले. त्याच्या कुपीच्या बुचातील रबराचे कण औषधात उतरण्याची शक्यता आढळली होती. रक्तातील कॅल्शियम सांभाळण्यासाठी त्यावर विसंबलेल्या रुग्णांना अचानक जुन्या, ढीगभर गोळ्यांकडे परतावे लागले. पुढे कंपनीने २०२४ अखेर जगभरातील उत्पादनच थांबवण्याचा निर्णय घेतला. औषध चाचणीत उतरले होते. कोलमडली ती कुपी.

भारतातील रुग्णापर्यंत काय पोहोचते

भारतात या सर्व गोष्टींचे नियमन ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ नुसार होते. इंदूरमधील चाचण्यांवरून उठलेले वादळ आणि सर्वोच्च न्यायालयात ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने केलेली याचिका ही त्यांची पार्श्वभूमी. गंभीर दुष्परिणाम घडल्यास संशोधक-डॉक्टरने २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे. इजा झालेल्याला मोफत उपचार आणि भरपाई मिळते. मानक उपचार उपलब्ध असताना प्लासिबो गटाला तो न दिल्यामुळे इजा झाली, तर तीही भरपाईस पात्र ठरते. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेतच हवे. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथील मराठी रुग्णाने मराठी प्रत मागणे हा त्याचा हक्क आहे. सात वर्षांवरील मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीसोबत मुलाचा होकारही घेतला जातो.

चाचणी संपल्यावर औषध मिळत राहते का, हा दुर्मीळ विकाराच्या घरातला पहिला प्रश्न. नियम असा, की दुसरा उपचार उपलब्ध नसेल, रुग्णाला लाभ झाला असेल आणि संशोधक-डॉक्टर व नैतिकता समितीने शिफारस केली असेल, तर प्रायोजकाने औषध विनामूल्य द्यायचे. हे आपोआप घडत नाही. सही करण्यापूर्वीच विचारून ते कागदावर घेतलेले बरे.

या नियमांनुसार देशात पाच लाखांहून अधिक लोकांना नसलेल्या विकारावरील औषध ‘ऑर्फन’ ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी आदेश काढून अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मंजूर असलेल्या अशा औषधांना भारतातील स्थानिक चाचणीतून सूट देण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे औषध लवकर येऊ शकेल. त्याचबरोबर, भारतीय रुग्णांवरील अनुभव विक्री सुरू झाल्यानंतरच गोळा होईल, हेही खरे. अर्धशिशीचे औषध ‘ऑर्फन’ या व्याख्येत बसत नाही. त्याला सूट हवी असेल, तर सध्याच्या उपचारांहून ते लक्षणीय सरस असल्याचे दाखवावे लागेल, आणि महिन्याला दोन दिवसांचा फरक लक्षणीय म्हणायचा की नाही, हा वाद तेथे उपस्थित होईल.

औषध आले तरी ते परवडणे वेगळे. राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण २०२१ मध्ये लागू झाले आणि २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा प्रतिरुग्ण ५० लाख रुपये करण्यात आली. हे साहाय्य ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. धोरणाच्या यादीत वाढीच्या संप्रेरकाची सिद्ध झालेली उणीव आणि टर्नर सिंड्रोम यांसारख्या स्थितींतील संप्रेरक-उपचारांचा समावेश आहे. मात्र संप्रेरक-विकार जन्माची सोबत करतात, आणि रक्कम एका मर्यादेपर्यंतच मिळते.

देशात चालू असलेली प्रत्येक औषध-चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंदवणे जून २००९ पासून सक्तीचे आहे आणि ही नोंद कोणालाही विनाशुल्क पाहता येते. नोंदीत औषधाची तुलना कशाशी होणार, मुख्य निष्कर्ष कोणता मोजला जाणार, किती रुग्ण घेतले जाणार आणि कोणाला वगळले जाणार, हे लिहिलेले असते. वगळलेल्यांच्या रकान्यात बहुधा गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आढळतात. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक असते, आणि तीही ऐन प्रजननक्षम वयात.